टिकेल काय आणि टिकावे काय

रसिकतेचा विचार आपण बहुधा कलाकृती समोर आल्यानंतरच करू लागतो. काव्य वाचून झाले, नाटकाचा पडदा पडला, मैफल संपली, की आस्वादाची चर्चा सुरू होते. परंतु कलाकृती यावयाची आहे आणि ती येईल की नाही हेच निश्चित नाही, अशा वेळी रसिकाच्या मनात जी खळबळ चाललेली असते तिचीही काही मीमांसा संभवते. इकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रतीक्षा ही आस्वादाची केवळ पूर्वतयारी आहे, की ती स्वतःच आस्वादाचा आणि प्रसंगी टीकेचाही एक प्रकार आहे, असा हा प्रश्न आहे. तो तपासून पाहण्यासाठी मी जे उदाहरण घेत आहे ते वाङ्मयीन नियतकालिकाच्या वाचकांस कदाचित् क्षुल्लक वाटेल. ते आहे अमेरिकेतील चित्रवाणीच्या चाहत्यांचे, आणि येत्या हंगामात कोणत्या मालिका राहतील, कोणत्या जातील, याविषयी ते वर्षानुवर्षे करीत आलेल्या भाकितांचे.

प्रथम वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. अमेरिकेतील चित्रवाणीचे वर्ष आपल्या शाळेच्या वर्षासारखेच ठराविक असते. ते सप्टेंबरात सुरू होते आणि मे महिन्यात संपते. एन्. बी. सी., सी. बी. एस्., ए. बी. सी. या तीन जुन्या प्रसारणसंस्था आणि मागाहून आलेली फॉक्स ही संस्था अनेक वर्षे मे महिन्याच्या मध्यास न्यू यॉर्क येथे जाहिरातदारांस पाचारण करीत असत आणि येत्या हंगामाचे कार्यक्रम त्यांच्यापुढे मांडीत असत. जाहिरातींच्या वेळेचा मोठा भाग तेथेच आगाऊ विकला जातो. म्हणून या समारंभास धंद्याच्या भाषेत ‘अपफ्रंट’ असे नाव पडले. तत्पूर्वीच्या महिन्यांत पुष्कळ संहिता मागविल्या जातात, त्यांतील थोड्यांचा ‘पायलट’ म्हणजे नमुन्याचा पहिला भाग चित्रित होतो, आणि त्यांतीलही थोडेच लोकांपुढे येतात. जुन्या तिन्ही संस्थांपाशी रात्रीच्या मुख्य प्रहराचे आठवड्यातून बावीसच तास असतात. सोमवार ते शनिवार तीन तीन आणि रविवारी चार. या बावीस तासांत नव्यास जागा द्यावयाची म्हणजे कोणा जुन्यास उठविणे भागच असते. ज्या मालिकेचे भवितव्य अशा प्रकारे अधांतरी आहे ती ‘बबल’वर आहे असे तेथील लोक म्हणतात. बुडबुड्याचे आयुष्य किती, हे सांगावयास नकोच.

घोषणेपूर्वीचे हे काही आठवडे म्हणजे चाहत्यांचा पर्वकाळ. एका बाजूस वार, दुसऱ्या बाजूस तास, असा चौकटींचा तक्ता आखून जो तो आपापला हंगाम रचू लागतो. अमुक विनोदी मालिका मंगळवारी आठास हवी, तमुक गुन्हेकथा रविवारी दहास नेली पाहिजे, या नव्या मालिकेस आधार म्हणून तिच्याआधी ती जुनी लोकप्रिय मालिका ठेवावी, असा ऊहापोह चालतो. त्यात अज्ञान असते, हट्ट असतो, आणि पुष्कळदा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही लाजवील असा अभ्यास असतो.

माझा या प्रकाराशी परिचय झाला तो माझ्या भाचीमुळे. ती शिक्षणासाठी त्या देशात काही वर्षे राहिली होती. २०१८ च्या मे महिन्यात ती आमच्याकडे सुटीस आली असता, एके दिवशी सकाळी घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून बसली. विचारले तेव्हा समजले, की ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ ही पोलीसठाण्यावरची विनोदी मालिका पाच हंगामांनंतर बंद करण्याचे फॉक्स संस्थेने जाहीर केले आहे. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आनंदाने घरभर नाचत होती, कारण एन्. बी. सी.ने ती मालिका आपल्याकडे घेतली होती. मी किंचित् उपहासाने म्हणालो, की एका दिवसात मरण आणि पुनर्जन्म हे तर पुराणातही दुर्मिळ! त्यावर ती म्हणाली, “मामा, त्यात चमत्कार काही नाही. ती मालिका मुळात एन्. बी. सी.च्याच भावंड-कंपनीनं बनवलेली. घरची लेक घरी आली, एवढंच. मी हे कालच म्हटलं होतं.”

तिचे म्हणणे खरे होते. प्रसारणसंस्थांनी स्वतः मालिकांची मालकी घेण्यावर १९७० पासून असलेले निर्बंध नव्वदीच्या दशकात उठले. तेव्हापासून कोणती मालिका जगेल याचा निर्णय ती किती चांगली आहे यापेक्षा ती कोणाची आहे यावरही अवलंबून राहू लागला. हे सारे त्या विशीतल्या मुलीस ठाऊक होते. मला तिच्या ज्ञानाचे कौतुक वाटले, आणि त्याच वेळी मनात कोठेतरी एक शंकाही उत्पन्न झाली. ती शंका हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम कौतुकाची बाजू पाहू. हा तक्ता रचण्यात खरोखर काही कला आहे काय? माझा व्यवसाय असा, की हा प्रश्न मला परका वाटू नये. गेली अनेक वर्षे दर जूनमध्ये मी शाळेचे वेळापत्रक तयार करीत आलो आहे. गणिताचा तास पहिला असावा, कवायत शेवटी असावी, मधल्या सुटीनंतरच्या आळसावलेल्या तासास सांगण्याची हातोटी असलेला शिक्षक द्यावा, आणि नवख्या शिक्षकाचा तास धाकाच्या शिक्षकाच्या तासापाठोपाठ ठेवावा म्हणजे वर्ग आयताच शांत मिळतो, हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात नसले तरी प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक असते. चित्रवाणीचे कार्यक्रम-अधिकारीही हेच करतात. नव्या मालिकेस दोन लोकप्रिय मालिकांच्या मध्ये बसविणे, प्रतिस्पर्धी संस्थेच्या मर्दानी खेळासमोर कौटुंबिक कथा लावणे, ही त्यांची नित्याची कामे होत.

कै. बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्यवस्तूच्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. स्वतः मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते. एका कार्यक्रमानंतर दुसरा कोणता असावा हा प्रश्न त्यांच्या नोकरीतलाच होता. त्यांनी हे नियम कलाकृतीच्या अंतर्गत रचनेविषयी सांगितले, कार्यक्रमपत्रिकेविषयी नव्हे, याची मला जाणीव आहे. तथापि एन्. बी. सी.ची १९८४ सालच्या हंगामातील गुरुवारची रात्र पाहिली म्हणजे त्या नियमांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आठ वाजता ‘द कॉस्बी शो’, साडेआठास ‘फॅमिली टाइज’, नवास ‘चिअर्स’, साडेनवास ‘नाइट कोर्ट’ आणि दहास ‘हिल स्ट्रीट ब्लूज’. पहिल्या दोन मालिका घरातल्या, आईबाप आणि मुले यांच्या. तिसरीत माणसे घराबाहेर पडून मद्यालयात जमतात. चौथीत रात्रीचे न्यायालय येते. शेवटी विनोद मावळतो आणि शहरातील पोलीसठाण्याचे गंभीर नाट्य सुरू होते. घरापासून रस्त्यापर्यंत आणि हास्यापासून चिंतेपर्यंत प्रेक्षकास पायरीपायरीने नेणारी ही रात्र होती. पहिल्या चौघींत संवाद होता, पाचवीने विरोध साधला, आणि तीन तासांचा म्हणून एक समतोल निर्माण झाला. ही रचना करणाऱ्यांचा हेतू कलेचा नसून प्रेक्षक न सुटू देण्याचा होता, हे खरे. परंतु हेतू व्यापारी असूनही रचना सुंदर असू शकते. आपल्या जुन्या देवळांचे दीपस्तंभ पाहणाऱ्यास हे सांगावयास नको.

तेव्हा जो चाहता असा तक्ता रचतो, तो अनुक्रमाच्या सौंदर्याचा विचार करीत असतो, आणि त्या मर्यादेत तो रसिकच होय. कथासंग्रहात कथांचा क्रम लावणाऱ्या संपादकाहून त्याचे काम जातीने निराळे नाही.

आता शंकेची बाजू. या चाहत्यांचे लेखन थोडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे असे दिसते, की त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक, ही मालिका टिकेल काय? दुसरा, ही मालिका टिकावी काय? पहिला प्रश्न ज्योतिषाचा आहे, दुसरा समीक्षेचा. पहिल्याचे उत्तर घोषणेच्या दिवशी खरे वा खोटे ठरते आणि त्याबरोबर संपते. दुसऱ्याचे उत्तर त्या दिवशी संपत नाही. उलट, मालिका बंद झाली तर त्या उत्तराचे महत्त्व वाढते. दुर्दैवाने प्रारंभी दुसरा प्रश्न घेऊन आलेला चाहता हळूहळू पहिल्यात रमू लागतो. ‘हिच्यातील पात्रे जिवंत आहेत, म्हणून ही राहावी’ असे म्हणणारा मनुष्य दोन वर्षांत ‘हिचे इतके भाग झाले, आणखी एक हंगाम झाला की पुनःप्रसारणाचा सौदा जुळेल, म्हणून ही राहील’ असे म्हणू लागतो. शंभराच्या आसपास भाग साठले की मालिका स्थानिक केंद्रांस रोज दाखविण्यासाठी विकता येते, हे गणित तेथे प्रत्येक चाहत्यास पाठ असते. नीलसन कंपनीने १९५० पासून चित्रवाणीची प्रेक्षकगणना चालविली आहे. तिचे आकडे चाहत्यांच्या जिभेवर असतात. जाहिरातदार अठरा ते एकोणपन्नास वर्षांच्या प्रेक्षकास अधिक मोल देतात. माझ्या वयाचा मनुष्य त्या हिशेबात जवळजवळ नाहीच, आणि माझी भाची हे मला कसलाही संकोच न बाळगता समजावून सांगत होती. रसिकाचा मुनीम झाला तो असा.

येथे कोणी म्हणेल, की निर्णय आकड्यांवरच होत असतील तर आकडे समजून घेण्यात दोष तो कोणता? दोष समजून घेण्यात नाही. आकड्यांची भाषा हीच आपली भाषा मानण्यात आहे. शिवाय निर्णय सदैव आकड्यांवर होतात हेही खरे नाही. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ १९८१ च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा तिला प्रेक्षक फारच थोडे मिळाले. ‘चिअर्स’ तर १९८२-८३ च्या आपल्या पहिल्या हंगामात यादीच्या जवळजवळ तळाशी होती. केवळ वही पाहणाऱ्या भाकितकाराने दोघींसही त्याच वर्षी मूठमाती दिली असती. एन्. बी. सी.च्या चालकांनी त्या ठेवल्या. त्या संस्थेची त्या वेळची स्थिती हलाखीची असल्याने गमावण्यासारखे तिच्यापाशी फार नव्हते, हे एक कारण खरे. परंतु ‘हे चांगले आहे’ असे म्हणणारे कोणी तेथे होते, हेही कारण तितकेच खरे. ‘चिअर्स’ पुढे १९९३ पर्यंत अकरा हंगाम चालली. ज्यांचा आकड्यांशी नित्य संबंध त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मग ज्यांचा आकड्यांशी काडीचाही संबंध नाही त्यांनी पहिल्याच प्रश्नात का गुरफटावे?

याच संस्थेतील पॉल क्लाइन नावाच्या एका अधिकाऱ्याने १९७० च्या सुमारास एक सिद्धांत मांडला होता. लोक कार्यक्रम पाहत नाहीत, चित्रवाणी पाहतात. आणि ती लावल्यावर जो कार्यक्रम सर्वांत कमी नकोसा वाटेल त्यावर थांबतात, असा त्याचा मथितार्थ. मनुष्यस्वभावाचे हे निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हे. परंतु चाहता हा या सिद्धांताचा चालताबोलता अपवाद असतो. तो नकोशातले कमी नकोसे निवडीत नाही. त्याला एक विशिष्ट वस्तू हवी असते आणि ती न मिळाल्यास तो दुःखी होतो. हे दुःखी होण्याचे सामर्थ्य हेच त्याचे भांडवल आहे. आकड्यांची भाषा बोलू लागताच तो ते गमावून बसतो.

चाहत्यांनी हे भांडवल वापरले तेव्हा काय घडले, हेही पाहिले पाहिजे. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका एन्. बी. सी.वर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. दुसऱ्या हंगामात ती बंद होणार अशी वार्ता पसरली, तेव्हा ब्जो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने पत्रांची मोहीम निघाली. लाखाहून अधिक पत्रे संस्थेकडे गेली. कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी १९६८ च्या जानेवारीत संस्थेच्या बरबँक येथील कार्यालयावर मोर्चा नेला. शेवटी १ मार्च १९६८ रोजी संस्थेला मालिकेच्या भागानंतर प्रेक्षकांना सांगावे लागले, की मालिका चालू राहील. रसिकांच्या पत्रांनी प्रसारणसंस्थेस असे बोलावयास लावणे ही साधी गोष्ट नव्हती.

परंतु या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. मालिका राहिली, पण तिला वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. ज्या तरुणांनी पत्रे लिहिली ते शुक्रवारी रात्री दहाला घरी सापडणार कसे? खर्चास कात्री लागली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी दैनंदिन निर्मितीतून दूर झाले. तिसरा हंगाम सामान्यतः सर्वांत दुबळा मानला जातो. १९६९ मध्ये एकोणऐंशी भागांवर मालिका संपली. जिवंत ठेवा, असे रसिकांनी म्हटले, आणि संस्थेने तिला जिवंत ठेवले. कशी ठेवा, हे रसिकांनी म्हटले नव्हते. तरीही एक गोष्ट राहते. हा तिसरा हंगाम झाला नसता तर पुनःप्रसारणास पुरेसे भाग साठले नसते, आणि सत्तरीच्या दशकात स्थानिक केंद्रांवरून तिला जो खरा प्रेक्षक लाभला तो बहुधा लाभला नसता. म्हणजे दुबळ्या हंगामाने सबळ हंगामांस अमर केले. कलेच्या इतिहासात असे विचित्र उपकार क्वचित् घडतात.

२००७ मध्ये सी. बी. एस्.ने ‘जेरिको’ ही मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी संस्थेच्या कार्यालयात वीस टनांहून अधिक शेंगदाणे पाठविले. शेवटच्या भागात नायकाच्या तोंडी ‘नट्स’ असा तुच्छतादर्शक नकार होता, त्याचा हा पडसाद. १९४४ मध्ये बास्तोन येथे वेढलेल्या अमेरिकन सेनापतीने जर्मनांच्या शरणागतीच्या मागणीस दिलेल्या उत्तराचा संदर्भ त्यास होता. संस्थेने आणखी सात भाग दिले आणि नंतर मालिका कायमची थांबविली. २००९ मध्ये ‘चक’ या मालिकेच्या चाहत्यांनी निराळीच युक्ती काढली. मालिकेत जाहिरात करणाऱ्या ‘सबवे’च्या दुकानांत जाऊन पाव विकत घेतले. मालिका राहिली, आणि त्या दुकानांचा मालिकेतील वावरही वाढला. शेंगदाणे पाठविणाऱ्यांनी निषेध विनोदाने केला. पाव घेणाऱ्यांनी सौदा केला. दुसरा मार्ग अधिक यशस्वी झाला, पण मला पहिला अधिक रसिकतेचा वाटतो. कारण शेंगदाण्यात मालिकेतील एका प्रसंगाचा अर्थ होता. ज्याने मालिका पाहिली नाही त्याला तो पाठविताच आला नसता. पाव कोणीही विकत घेऊ शकतो.

याहून महत्त्वाचे उदाहरण मला सापडले ते ‘कॅग्नी अँड लेसी’ या, दोन स्त्रीपोलिसांवरील मालिकेच्या संदर्भात. सी. बी. एस्.ने ती १९८३ मध्ये बंद केली आणि प्रेक्षकांच्या पत्रांनंतर १९८४ मध्ये परत आणली. या मोहिमेतून डॉरोथी स्वान्सन यांच्या नेतृत्वाखाली ‘व्ह्यूअर्स फॉर क्वालिटी टेलिव्हिजन’ ही प्रेक्षकांची संस्था उभी राहिली. ती २००० पर्यंत चालली. या मंडळींनी केवळ आवडत्या मालिकेची बाजू मांडली नाही. गुणवत्ता म्हणजे काय, याची व्याख्या करण्याचा प्रयत्न केला. पात्रांत सखोलता आहे काय, मालिका प्रेक्षकास विचार करावयास लावते काय, असे प्रश्न त्यांनी पुढे आणले. त्या व्याख्येवर आक्षेप घेता येतील. सुशिक्षित मध्यमवर्गाची आवड हीच गुणवत्ता, असा आरोप त्यांच्यावर करता येईल. परंतु जेथे सारे ‘टिकेल काय’ म्हणत होते तेथे त्यांनी ‘टिकावे काय’ हे विचारले. समीक्षेचा जन्म नेहमी अशाच ठिकाणी होतो.

या अनिश्चिततेचा कलाकृतीच्या घडणीवर काय परिणाम होतो, हा प्रश्नही येथे टाळता येत नाही. आपल्या नाट्यशास्त्राने कथानकाच्या आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम अशा पाच अवस्था सांगितल्या. फलागम ठाऊक असल्यावाचून आरंभ करता येत नाही, हे त्यात गृहीत आहे. अमेरिकन मालिकेच्या लेखकास मात्र फलागम कधी यावयाचा हे ठाऊक नसते. तो पुढील सप्टेंबरात असेल किंवा या मे महिन्यात. परिणामी मालिका प्राप्त्याशेतच वर्षानुवर्षे रेंगाळते, आणि अनेकदा नियताप्तीपूर्वीच तिचा श्वास तुटतो. ए. बी. सी.वरील ‘ट्विन पीक्स’ हे याचे ठळक उदाहरण. १९९० मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत एका मुलीचा खून कोणी केला, हे रहस्य होते. ते सांगण्याची आपली इच्छा नव्हती, असे तिचे एक निर्माते डेव्हिड लिंच यांनी पुढे बोलून दाखविले. संस्थेच्या आग्रहापुढे त्याच वर्षी ते सांगावे लागले. तोवर मालिकेची वेळ शनिवारी रात्रीवर गेली होती. १९९१ च्या जूनमध्ये ती नायकास संकटात सोडून संपली, आणि पुढचे पान उलटले ते २०१७ मध्ये. सव्वीस वर्षे प्रेक्षक प्राप्त्याशेत राहिले. अशा स्थितीत चाहत्यांची भाकिते हा निव्वळ रिकामपणाचा उद्योग राहत नाही. जी कथा लेखकाला पूर्ण करता येत नाही ती प्रेक्षक अनुमानाने पूर्ण करीत असतो.

हे सारे आपणास अगदी अनोळखी आहे, असे मात्र समजू नये. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होत होती. पुढील अंकात यमूचे काय होणार, याची चिंता करणारे वाचक आपल्याच आज्यापणज्यांच्या पिढीत होऊन गेले. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकास त्याचा स्वतःचा हंगाम मिळाला. इंदूरसारख्या गावी राहणाऱ्या आम्हा लोकांस तर हे अधिकच परिचयाचे. माझ्या लहानपणी अंक पुण्या-मुंबईहून येईपर्यंत वाचनालयाच्या ओट्यावर भाकितांची मैफल जमे. कोणाची कथा कोणत्या अंकात, कोणाची कादंबरिका यंदा येणार, कोणते मासिक यंदा निघणारच नाही, यावर वडीलधारी मंडळी हिरीरीने बोलत. त्यांतही मुनीम होतेच. अमक्यास जाहिराती मिळाल्या नाहीत, तमक्याचा कागद महागला, हेच त्यांचे बोलणे. परंतु एक वृद्ध गृहस्थ असे होते, की ते नेहमी एवढेच विचारीत, “निघेल हो, पण निघावा असं त्यात गेल्या वर्षी काय होतं?” सारा ओटा क्षणभर गप्प होई.

आता अमेरिकेतही तो हंगाम पूर्वीसारखा राहिलेला नाही. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेचे तेराही भाग एकदम प्रेक्षकांपुढे ठेवले, आणि वार व तास यांच्या चौकटीची सत्ता ओसरू लागली. ज्याला हवे तेव्हा, हवे तितके पाहता येते, त्यास गुरुवारी आठाचे महत्त्व काय? मे महिन्यातील घोषणा आजही होतात, चाहते आजही तक्ते आखतात; पण त्या बावीस तासांवरच सर्वांचे भवितव्य अवलंबून असल्याचे दिवस गेले. यात सोय झाली हे निःसंशय. गमावले ते एकत्र वाट पाहणे. सर्वांनी एकाच वेळी एकाच गोष्टीची प्रतीक्षा करणे, हा समाजाने समाज असण्याचा एक साधा प्रकार होता.

इतके लिहिल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ‘स्टार ट्रेक’च्या शुक्रवारी दहाची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले नाही; मला माझे वेळापत्रक आठवले. आमच्या शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. काही वर्षांपूर्वी त्या वर्गाची पटसंख्या घटू लागली. व्यवस्थापनाच्या सभेत मी तो वर्ग चालू राहावा म्हणून बोललो आणि तो राहिला. परंतु खोल्या कमी, शिक्षक कमी, या अडचणीत त्याचा तास मी दिवसाच्या शेवटी नेला. त्या वेळी मुलांचे लक्ष घड्याळाकडे असते आणि बाहेरगावच्या मुलांना गाडी गाठावयाची असते. पट आणखी घसरला. पुढील सभेत ती घसरलेली संख्या मीच वाचून दाखविली, आणि संख्येवरून भाकितही केले, की वर्ग फार काळ टिकणार नाही. भाकित अचूक होते. अचूक का होते, हे मला फार उशिरा कळले. त्या दोन्ही सभांत ‘टिकेल काय’ यावर आम्ही पुष्कळ बोललो. ‘टिकावे काय, आणि कशासाठी’ हे कोणी विचारले नाही, मीही नाही. गेल्या जूनपासून मी तो तास सकाळी दुसरा ठेवला आहे. पट किती वाढला, हे मी येथे मुद्दामच लिहीत नाही.

भाकित हे तटस्थ दिसते, पण पुष्कळदा ते निर्णयाचेच एक सभ्य रूप असते. ‘हे जाणार’ असे जाणत्यांनी पुरेशा वेळा म्हटले, की ते जाण्याची वाट मोकळी होते. म्हणून ज्याला एखाद्या कलाकृतीविषयी, भाषेविषयी किंवा परंपरेविषयी आस्था आहे, त्याने भाकित करू नये असे मी म्हणत नाही. ते करण्याचा मोह मनुष्यमात्रास आहे आणि त्यात आनंदही आहे. परंतु तक्ता आखून झाल्यावर प्रत्येक चौकटीखाली त्याने आणखी एक ओळ लिहावी : ही येथे का असावी. ज्या चौकटीखाली ती ओळ लिहिता येत नाही, ती त्याने खुशाल रिकामी सोडावी. ज्या चौकटीखाली ती लिहिता येते, ती मात्र घोषणेच्या दिवशी कोणी पुसून टाकली तरी त्याच्या हिशेबी पुसली जात नाही. भाचीस मी हे कळविले तेव्हा तिचे उत्तर आले, की यंदाच्या तिच्या तक्त्यात बावीस तासांपैकी सहाच भरले आहेत. मुनीम म्हणून ती नापास झाली असेल. रसिक म्हणून मी तिला प्रथम वर्ग देईन.